सरोवर-गाळातील मिथेननिर्मिती

गोड्या पाण्याची सरोवरे, तळी व धरणांचे जलाशय यांच्या तळाशी साचलेल्या गाळात, ऑक्सिजनच्या अभावी सेंद्रिय पदार्थ कुजून मिथेन वायू तयार होण्याची जैव प्रक्रिया. मृत प्लवक, शैवले, पाणवनस्पती आणि पाणलोटातून वाहून आलेला पालापाचोळा हा तिचा कच्चा माल होय. गोबर गॅस संयंत्रात घडणारी रासायनिक विक्रिया मूलतः हीच आहे.

गाळातून निघणारा वायू पेटतो हे प्रथम कोणी दाखवले याविषयी मतभेद आहेत. आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी नोव्हेंबर १७७६ मध्ये उत्तर इटलीतील माज्जोरे सरोवराकाठी आंजेरा येथे तळाचा चिखल काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे पाण्याने भरून उपड्या धरलेल्या बाटलीत जमवले आणि वायू पेटवून पाहिला. यासंबंधीची त्यांची पत्रे १७७७ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र त्याआधी, १७७४ मध्ये, बेंजामिन फ्रँक्लिन यांनी जोसेफ प्रीस्टली यांना पत्र लिहून न्यू जर्सीतील उथळ, चिखलयुक्त पाण्याचा पृष्ठभाग मेणबत्तीने पेटत असल्याची माहिती कळवली होती. त्यामुळे काही लेखक फ्रँक्लिन यांना अग्रमान देतात. तथापि घटनेचे वर्णन करणे वेगळे आणि वायू अलग काढून त्याचे गुणधर्म तपासणे वेगळे. दुसरे काम व्होल्टा यांचे असल्याने शोधाचे श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

गाळात शिरलेला ऑक्सिजन बहुधा वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्याखाली सूक्ष्मजीव श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट, मँगॅनीज, लोह व सल्फेट यांचा साधारणपणे याच क्रमाने वापर करतात आणि हे पदार्थ संपत आल्यावर मिथेननिर्मिती प्रबळ होते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे २८ मिलिमोल सल्फेट असते. तेथे श्वसनासाठी सल्फेट वापरणारे (सल्फेट-क्षपणकारी) जीवाणू, मिथेननिर्मितीला लागणारे हायड्रोजन व अ‍ॅसिटेट (अ‍ॅसिटिक आम्लाचे रूप) आधीच फस्त करतात. गोड्या पाण्यात सल्फेट सामान्यतः फारच कमी असल्यामुळे मिथेनजनकांना, म्हणजे मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना, वाव मिळतो. हे मिथेनजनक जीवाणू नव्हेत. कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये त्यांचा स्वतंत्र गट दाखवून दिला. तो आज आर्किया या नावाने ओळखला जातो.

मिथेनमधील कार्बन नेमका कोठून येतो, हा या विषयातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला वाद. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सी. बी. व्हान नील यांच्या १९३० च्या दशकातील उपपत्तीनुसार सर्व मिथेन कार्बन डाय-ऑक्साइडच्या क्षपणाने (त्याला हायड्रोजन मिळून) बनतो. एच. ए. बार्कर यांनी अभ्यासलेला, एथेनॉलवर वाढणारा ‘मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ हा तिचा मोठा आधार होता. पुढे १९४८ मध्ये बझवेल व सोलो यांनी किरणोत्सर्गी कार्बन वापरून अ‍ॅसिटेटच्या मिथिल गटाचेच थेट मिथेन होत असल्याचे दाखवले. ओमेलियान्स्कीचे कोडे मात्र १९६७ पर्यंत टिकले. त्या वर्षी एम. पी. ब्रायंट व सहकाऱ्यांनी हा एक जीव नसून दोघांची जोडी असल्याचे सिद्ध केले: एक एथेनॉलपासून अ‍ॅसिटेट व हायड्रोजन तयार करतो, दुसरा त्या हायड्रोजनने कार्बन डाय-ऑक्साइडचे मिथेन करतो. दुसऱ्याने हायड्रोजन सतत उचलला नाही, तर पहिल्याची विक्रियाच ऊर्जेच्या दृष्टीने परवडत नाही. गाळातील सारी व्यवस्था अशा परस्परावलंबनावर उभी आहे, आणि याच कारणाने हा प्रयोग या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा मानावयास हवा.

आता अ‍ॅसिटेटपासूनचा आणि हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइडपासूनचा (हायड्रोजनमार्ग) असे दोन्ही मार्ग मान्य आहेत. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अ‍ॅसिटेटचे २ व हायड्रोजनचे ४ रेणू मिळाले, तर अ‍ॅसिटेटपासून मिथेनचे २ आणि हायड्रोजनपासून १ रेणू मिळतो. म्हणजे अ‍ॅसिटेटचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश. हे प्रमाण मार्गदर्शक म्हणून उपयुक्त असले तरी प्रत्येक सरोवरास लावणे धोक्याचे आहे. मध्य युरोपातील कॉन्स्टन्स सरोवराच्या थंड गाळात हायड्रोजनमार्गाचा वाटा याहून कमी आढळला. कार्बनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या कार्बन-अणूंवरून) मार्ग ओळखण्याची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली. पण मिथेनचे अंशतः ऑक्सिडीभवन झाले की समस्थानिकांचे गुणोत्तरही बदलते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबणे इष्ट नव्हे.

तयार झालेला सगळा मिथेन हवेत जात नाही. विसरणाने वर येणाऱ्या वायूचा मोठा भाग मिथेनभक्षी जीवाणू वाटेतच वापरतात. उथळ पाण्यात बुडबुडे हा अडसर टाळून झपाट्याने वर येतात. खोल पाण्यात ते वर येता येता बरेचसे विरघळतात. पाणीपातळी उतरली की गाळावरील दाब घटतो आणि बुडबुडे वाढतात. तापमानवाढीनेही निर्मिती वेग घेते.

जलविद्युत जलाशय हरितगृह वायूंचे लक्षणीय स्रोत आहेत का, हा प्रश्न १९९३ मध्ये जे. डब्ल्यू. एम. रड व सहकाऱ्यांनी मांडला. फ्रेंच गियानातील पेती सो जलाशय १९९४ पासून भरू लागला. तेथील मोजमापांतून धरणाखालच्या नदीपात्रात, टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या पाण्यातूनही मिथेन निसटतो हे स्पष्ट झाले. केवळ जलाशयाच्या पृष्ठभागावर मोजणी केल्यास अंदाज कमी पडतो.

किवू सरोवर (रवांडा–काँगो सीमा, कमाल खोली सुमारे ४८५ मी.) हे अपवादात्मक उदाहरण आहे. त्याच्या खोल, न मिसळणाऱ्या थरांत सुमारे ६० घन किमी. मिथेन विरघळलेला असल्याचा अंदाज आहे. त्यातील किती मिथेन ज्वालामुखीजन्य कार्बन डाय-ऑक्साइडपासून व किती गाळातील सेंद्रिय पदार्थांपासून आला याबाबत एकमत नाही. पहिल्या स्रोताचा वाटा मोठा असावा, या मताकडे पुराव्यांचा कल दिसतो. रवांडाच्या किनाऱ्यावरील २६ मेगावॉट क्षमतेच्या प्रकल्पात या वायूपासून वीज निर्माण केली जाते.