फौजदारी अपिलाच्या वकिलीचे प्रशिक्षण (कोल्हापूर)

दंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात अपील दाखल करणे, शिक्षेला स्थगिती मिळवणे आणि अंतिम सुनावणीत युक्तिवाद करणे यासाठी वकिलाला लागणारे व्यावसायिक शिक्षण. कोल्हापुरात या विषयाला १८ ऑगस्ट २०२५ पासून वेगळेच वजन आले. चार दशकांहून जुनी मागणी मान्य होऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे (मुख्य ठिकाणाबाहेर बसणाऱ्या खंडपीठाचे) कामकाज त्या दिवशी सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिच्याखाली येतात. तोवर जिल्ह्यातला वकील खटला चालवायचा आणि शिक्षा लागली की नकला काढून फाइल मुंबईच्या वकिलाकडे सोपवायचा. आता अपीलही त्यालाच उभे करता येते. मात्र उलटतपासणीत मुरलेला वकील इथे हमखास अडखळतो. अपिलात साक्षीदार समोर नसतो, त्याला नवा प्रश्न विचारता येत नाही. जे काही आहे ते रेकॉर्डवर, म्हणजे खालच्या न्यायालयाच्या कागदपत्रांत.

या कामासाठी वेगळी परीक्षा किंवा परवाना नाही. सनद मिळाल्यावर पुढचे शिक्षण घेण्याची सक्तीही भारतात नाही. शिकणे होते ते ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये, ज्युनिअर म्हणून. व्याख्यानांतून कलमे कळतात, पण पेपरबुक (अपिलासाठी एकत्र बांधलेली खटल्याची कागदपत्रे) वाचायची सवय त्यातून लागत नाही. उपयोगी पडतो तो एकच सराव: निकाली निघालेल्या अपिलाचे रेकॉर्ड घ्यायचे, दोन्ही न्यायालयांचे निकाल त्यातून काढून ठेवायचे, ज्युनिअरकडून मुद्दे लिहून घ्यायचे आणि मगच निकालाशी ताडून पाहायचे.

मुदत आणि न्यायालय

दंडाधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेवरचे अपील सत्र न्यायालयात, म्हणजे कोल्हापूरपुरते बोलायचे तर कसबा बावड्यात चालते. सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा, किंवा कोणत्याही न्यायालयाने दिलेली सात वर्षांहून अधिक कैद असेल तर अपील उच्च न्यायालयात जाते. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ११५ नुसार शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवस, इतर न्यायालयात ३० दिवस. फाशीच्या शिक्षेविरुद्ध मात्र ३० दिवसच. नकलेसाठी लागलेला काळ वजा होतो, पण नक्कल तयार होऊन पडून राहिली तर ते दिवस वजा होत नाहीत. नक्कल अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती घेतल्याची तारीख, या तिन्ही शिक्क्यांवरून हिशेब मांडायला ज्युनिअरला पहिल्याच आठवड्यात शिकवावे. विलंबमाफीचे बहुतेक अर्ज या हिशेबातल्या चुकीतूनच जन्माला येतात.

१ जुलै २०२४ ला प्रलंबित असलेली अपिले जुन्या दंड प्रक्रिया संहितेने चालतात. नंतरची सर्वसाधारणपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दाखल होतात. त्यामुळे जुने आणि नवे दोन्ही कलम क्रमांक तोंडपाठ लागतात: ३७४ (शिक्षेविरुद्ध अपील) चे ४१५, ३८६ (अपील न्यायालयाचे अधिकार) चे ४२७, ३८९ (शिक्षेला स्थगिती) चे ४३०, ३९१ (जादा पुरावा) चे ४३२. पीडिताला निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपिलाचा हक्क कलम ४१३ च्या परंतुकाने आहे आणि त्याला परवानगी लागत नाही. सरकारला उच्च न्यायालयात ती लागते. चेक न वटल्याच्या प्रकरणातला फिर्यादीही पीडित ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितल्यापासून ही अपिले सत्र न्यायालयात येऊ लागली आहेत.

रेकॉर्डचे वाचन

प्रशिक्षणाचा गाभा हाच. वाचनाचा क्रम ठरलेला असावा: दोषारोप, फिर्याद, साक्षी, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, पुराव्याबद्दल न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नांना आरोपीने दिलेला कलम ३१३ (आता ३५१) खालचा जबाब आणि सर्वांत शेवटी निकाल. निकाल आधी वाचला की न्यायाधीशांनी लावलेली संगती डोक्यात बसते आणि पुरावाही मग तसाच दिसू लागतो.

वाचताना तक्ता करायचा. साक्षीदार क्रमांक, सरतपासातले (त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाने घेतलेल्या साक्षीतले) विधान, उलटतपासणीतले विधान, निशाणी (पुराव्यातल्या कागदाला न्यायालयाने दिलेला क्रमांक), पान. पानाचा रकाना आळसाने रिकामा सोडला की न्यायमूर्तींनी ‘हे कुठे आहे?’ विचारताच युक्तिवाद थांबतो.

विसंगती हा भाग सर्वांत फसवा. समजा, प्रत्यक्षदर्शी कोर्टात म्हणतो, आरोपीने कोयत्याने डोक्यात दोन वार केले. पोलिसांपुढच्या जबाबात मात्र काठीचा उल्लेख आहे. उलटतपासणीत त्याला तो मजकूर दाखवला, त्याने नाकारला आणि मजकुरावर ‘अ’ अशी खूण झाली. खटल्याचा वकील इथेच समाधान मानतो. पण पुढे तपासी अंमलदाराला विचारून ‘मजकूर अ साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणेच लिहिला’ हे रेकॉर्डवर आणावे लागते. ते राहिले तर विसंगती सिद्ध होत नाही आणि अपिलात तो पोलीस जबाब नुसता वाचून दाखवता येत नाही. म्हणून तक्त्यात एक वेगळा रकाना ठेवावा: ‘अंमलदाराकडून सिद्ध, होय की नाही’. ‘नाही’ असेल तर तो मुद्दा मेमोत (अपिलाच्या अर्जात) रेटण्याऐवजी वैद्यकीय पुराव्याकडे वळावे: जखम धारदार हत्याराची की बोथट, कडा कशा, हाड मोडले का. कलम ४३२ खाली जादा पुरावा मागता येतो. पण वकिलाची राहिलेली उणीव भरून काढायला न्यायालय तो सहसा देत नाही.

साक्ष मराठीत आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत, त्यामुळे भाषांतर मूळ मराठीशी ताडणे वकिलाचेच काम. ऊसतोडीचा कोयता एका पानावर विळा आणि दुसऱ्यावर तलवार झाला, तर जखमेच्या मापाचा सगळा युक्तिवाद कोसळतो.

परिस्थितीजन्य पुराव्याच्या प्रकरणात शरद बिरधीचंद सारडा (१९८४) निकालातल्या पाच कसोट्या लावायच्या. नुसत्या उद्धृत करून भागत नाही. प्रत्येक दुव्यापुढे तो कोणत्या साक्षीदाराने आणि कोणत्या निशाणीने सिद्ध झाला ते लिहावे. निवेदन पंचनाम्याने, म्हणजे आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून, हत्यार निघाले असेल तर जप्तीची तारीख, सील, मुद्देमाल पोलीस ठाण्यात कोणाच्या ताब्यात होता आणि प्रयोगशाळेत कधी पोचला, ही साखळी तपासावी. मधल्या दिवसांचा हिशेब लागत नाही, अशी प्रकरणे कमी नाहीत. शेवटी, शिक्षेचा आधार ठरलेली परिस्थिती आरोपीला ३१३ च्या प्रश्नांत विचारली होती का, हे पाहायचे. विचारली नसेल आणि त्यातून आरोपीचे नुकसान झाले असेल, तर ती विरोधात वापरता येत नाही.

निर्दोष मुक्ततेविरुद्धच्या अपिलात गणित उलटे फिरते. चंद्रप्पा (२००७) निकालानुसार पुराव्यावरून दोन मते शक्य असतील तर मुक्तता कायम राहते. पीडिताच्या वकिलाने ‘आमचे मत अधिक पटणारे’ म्हणून उपयोग नाही. खालच्या न्यायालयाचे मत शक्यच नव्हते, हे दाखवावे लागते.

शिक्षेला स्थगिती

तीन वर्षांपर्यंतची कैद असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपील दाखल होईपर्यंत सोडू शकते. तो अर्ज निकालाच्या दिवशीच तयार असावा. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षांपेक्षा कमी नाही इतक्या कैदेस पात्र गुन्ह्यात सरकारी वकिलाला लेखी कारणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय सुटका होत नाही. मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीकडे उदारपणे पाहावे, असे भगवान रामा शिंदे गोसाई (१९९९) निकाल सांगतो. शिक्षेची स्थगिती आणि दोषसिद्धीची स्थगिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरदार किंवा लोकप्रतिनिधी अशिलाला दुसरीच हवी असते आणि ती अपवादानेच मिळते.

कारागृहातून येणारी अपिले

कळंबा मध्यवर्ती कारागृहातला बंदी कारागृह अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवू शकतो. हॉसकोट (१९७८) निकालाने त्याला निकालाची मोफत नक्कल आणि मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनोखीलाल (२०१९) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप वा फाशी संभवते तिथे ॲमिकस (न्यायालयाने नेमलेला वकील) म्हणून किमान १० वर्षे वकिली झालेल्यांचाच विचार करावा आणि तयारीला साधारण किमान ७ दिवस द्यावेत, असे घालून दिले. विधी सेवेतून नेमलेल्या वकिलाने बंदीला भेटल्याशिवाय किंवा निदान व्हिडिओ कॉन्फरन्सवर बोलल्याशिवाय उभे राहू नये. शिक्षेत वजावट मिळणारे कच्च्या कैदेचे दिवस, वय, आजार, घरची स्थिती हे रेकॉर्डमध्ये क्वचितच नीट असते.

वकील गैरहजर राहिला म्हणून फौजदारी अपील फेटाळता येत नाही. बनीसिंग (१९९६) निकालानुसार रेकॉर्ड पाहून गुणवत्तेवरच निर्णय द्यावा लागतो. मात्र तारीख वाढवून देण्यास न्यायालय बांधील नाही, आणि आरोपी तुरुंगाबाहेर असेल तर त्याच्या वकिलाला न ऐकताही तो निर्णय होऊ शकतो.