जेवायला एक हात, मिरवायला एक

ओहोटी लागली की खाडीकाठच्या चिखलात शेकडो बिळं उघडी पडतात आणि त्यांतून देठावरचे डोळे वर येतात. हे फिडलर खेकडे. जगभरात त्यांच्या सुमारे 100 जाती आहेत. बहुतेक उष्ण प्रदेशांतल्या खारफुटीत आणि चिखलपट्ट्यांवर, काही समशीतोष्ण भागांतल्या खाऱ्या दलदलीत राहतात. आकार लहानच, मोठ्यातला मोठाही जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद. भरती चढू लागली की अनेक जाती बिळाचं तोंड चिखलाच्या गोळ्याने बंद करून आत बसतात.

अन्न म्हणजे चिखलच. नांगीने चिमूटभर चिखल तोंडाशी न्यायचा, त्यातलं शेवाळ, जिवाणू आणि कुजका पालापाचोळा मुखांगांनी वेगळा करून गिळायचा आणि उरलेल्याची गोळी करून खाली टाकायची. मादी हे दोन नांग्यांनी करते. नराकडे त्यासाठी एकच नांगी असते, कारण दुसरी खाण्याच्या कामाची राहिलेलीच नाही. तिचं वजन काही नरांत शरीराच्या निम्म्याच्या जवळ जातं. मग त्याला जास्त वेळ चरावं लागतं किंवा हात भरभर चालवावा लागतो.

एवढी गैरसोय सोसायची ती दोन कारणांसाठी: मादीला खुणावायला आणि दुसऱ्या नराशी झुंजायला. प्रत्येक जातीची नांगी हलवण्याची लकब वेगळी. काही जातींत शेजारचे नर एकाच ठेक्यात नांग्या हलवताना दिसतात. ही एकजूट मात्र नव्हे. प्रत्येकाला इतरांच्या क्षणभर आधी हात वर करायचा असतो, त्या चढाओढीतून तो ठेका जमतो.

झुंजीत ही नांगी तुटली, तर कात टाकत टाकत नवी येते. काही जातींत ती लांबीला पहिल्यासारखीच, पण हलकी आणि पकडीला कमजोर असते. माद्यांना हा फरक कळत नाही आणि प्रतिस्पर्धी नरही नुसत्या दिसण्यावरून बिचकतो. म्हणजे तोतयेगिरी बऱ्यापैकी खपते. उघडी पडते ती प्रत्यक्ष झोंबी झाली तरच.

शेजारधर्मही हिशेबी. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीत मोठा नर कधीकधी स्वतःचं बीळ सोडून लहान शेजाऱ्याच्या मदतीला धावतो आणि घुसखोराला हुसकावतो. नवा दांडगा शेजारी येण्यापेक्षा जुना दुबळा परवडला!

मादी मात्र नांगीवर भाळून थांबत नाही, ती बीळ तपासते. कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या मादीने तब्बल 106 बिळं पाहिल्याची नोंद आहे. माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते, कारण बिळाच्या रुंदीवर अंडी किती दिवसांत उबतील हे ठरतं. पिल्लं रात्रीच्या मोठ्या ओहोटीबरोबर खोल पाण्यात जायला हवीत. ती वेळ हुकली, तर ती काठाजवळच घुटमळतात आणि माशांच्या तोंडी पडतात.