द्रवखताच्या टाकीतला गाळ येतो कुठून?

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) द्रवखत टाकीत नितळ राहावं म्हणून झालेल्या धडपडीचा बराचसा इतिहास अमेरिकेत, अलाबामातल्या मसल शोल्सला घडला. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी उभारलेला तिथला नायट्रेटचा कारखाना १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेकडे आला आणि खतांवर काम सुरू झालं.

आधी विजेच्या भट्टीतल्या शुद्ध फॉस्फोरिक आम्लात अमोनिया मिसळून ८-२४-० बनवत (हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाशाच्या टक्केवारीचे). खत स्वच्छ, पण आम्ल महाग. स्वस्त आम्ल मिळतं ते रॉक फॉस्फेट या खडकावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून. त्यात मात्र खडकातलं लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमही उतरतं. अमोनिया पडला की हे धातू स्फुरदाला धरून बसतात आणि तळाशी चिकट गाळ साचतो. खरा दोष आम्लातल्या या अशुद्धीचा. स्फुरद बिचारं त्यात अडकतं.

यावरचा तोडगा मला फार देखणा वाटतो. आम्लातलं पाणी आणखी काढून टाकलं की फॉस्फेटचे रेणू एकमेकांना जोडून साखळ्या करतात. हे पॉलिफॉस्फेट धातूंना कवेत घेऊन विरघळलेलंच ठेवतं. त्यातून १०-३४-० आलं. १९७० च्या दशकात पाइप रिअॅक्टर आला: साध्या नळीत आम्ल आणि अमोनिया भिडतात, त्यांच्याच उष्णतेने पाणी वाफ होऊन जातं.

पण साठवणीत पाणी याच साखळ्या हळूहळू तोडतं. उष्णता वाढली, सामू (pH) घसरला की वेग वाढतो. म्हणून सामू सहाच्या आसपास राखतात. मॅग्नेशियम सगळ्यात हट्टी. त्याचे अमोनियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक तळाशी बसतात, चिमटीत धरले तर बारीक रव्यासारखे खरखरतात आणि नोझल तुंबवतात. त्यामुळे कमी मॅग्नेशियमचं आम्ल निवडणं हाच पक्का उपाय ठरला. काहींनी वेगळी वाट धरली: थोडी ॲटापुल्जाइट माती घालून स्फटिक तरंगतेच ठेवायचे.

भारताच्या खत नियंत्रण आदेशात आज १०-३४-० आहे. आपल्याकडे मात्र कॅन बऱ्याचदा पत्र्याच्या शेडमध्ये पडून असतात आणि विदर्भातल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. ड्रिपला सोडण्यापूर्वी कॅनवरची उत्पादन तारीख पाहावी आणि तळचं थोडं काचेच्या ग्लासात ओतून, गाळ दिसतो का ते उजेडात धरून पाहावं.