डबल मार्करच्या अहवालातील दुसरा आकडा

गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत आईच्या रक्तावर होणाऱ्या डबल मार्कर चाचणीचा अहवाल हाती आला की बहुतेक कुटुंबे बाळाला डाऊन सिंड्रोम हा गुणसूत्रदोष असण्याची जोखीम कमी आहे की जास्त, एवढेच पाहतात. त्याच कागदावरील पॅप-ए या प्रथिनाच्या आकड्यातून वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, प्रकृतीचाही काहीसा अंदाज येतो; मात्र चाचणी त्यासाठी योजलेली नव्हती.

या चाचण्यांची सुरुवात मज्जारज्जू आणि मेंदूच्या जन्मजात दोषांच्या शोधातून झाली. असे दोष असलेल्या गर्भाभोवतीच्या पाण्यात अल्फा-फीटोप्रोटीन वाढलेले असते, हे १९७२ मध्ये एडिनबर्ग येथे ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी दाखवले आणि लवकरच ते आईच्या रक्तात मोजले जाऊ लागले. गर्भाच्या यकृतात तयार होणारे हे प्रथिन उघड्या राहिलेल्या भागातून पाझरते, असा त्यामागचा तर्क होता. परंतु काही स्त्रियांच्या रक्तात ते वाढलेले असूनही बाळात असा दोष सापडत नसे, आणि नेमक्या अशाच गरोदरपणांत मुदतपूर्व प्रसूती, कमी वजनाचे बाळ व मृतजन्म यांचे प्रमाण अधिक दिसू लागले. गळती वारेतून होत असावी, असा अर्थ मग पुढे आला. खोटा इशारा म्हणून बाजूला टाकलेल्या अहवालांतच ही माहिती होती.

१९८४ मध्ये याच प्रथिनाच्या कमी पातळीचा गुणसूत्रदोषांशी संबंध दिसला, १९८८ मध्ये आईच्या रक्तातील तीन घटक मोजणाऱ्या ट्रिपल मार्कर चाचणीची मांडणी झाली, आणि संशोधकांचे लक्ष बराच काळ डाऊन सिंड्रोमवर राहिले. पॅप-ए १९७४ पासून ज्ञात असले, तरी ते गर्भाच्या वाढीला लागणारे घटक मोकळे करणारे विकर (एन्झाइम) आहे, हे १९९९ मध्ये उलगडले. पुढे २००२ मध्ये गॉर्डन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी, पहिल्या तिमाहीतील त्याची कमी पातळी व बाळाची खुंटलेली वाढ, मुदतपूर्व प्रसूती आणि प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा गंभीर विकार) यांचा संबंध दाखवला. तितक्याच आठवड्यांच्या गरोदरपणांतील मध्यकाच्या, म्हणजे मधल्या आकड्याच्या, ०.४ पटीच्या आसपास किंवा त्याखालील आकड्याकडे आज सामान्यतः लक्ष दिले जाते. तरीही अशा बहुसंख्य स्त्रियांची प्रसूती सुखरूप होते, हे त्यांना सांगितलेच पाहिजे.

केवळ जोखीम कळून उपयोग काय, या रास्त प्रश्नाला काही प्रमाणात उत्तर मिळाले ते २०१७ मधील ॲस्प्रे या औषध-प्रयोगातून. मातेचा पूर्वेतिहास, रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांतील रक्तप्रवाह, पॅप-ए आणि पीएलजीएफ (वारेत तयार होणारे आणखी एक प्रथिन) यांच्या आधारे निवडलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर, ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. हे औषध अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे असते.

दरम्यान १९९७ मध्ये डेनिस लो यांनी आईच्या रक्तद्रवात गर्भाचा डीएनए शोधला आणि त्यातून हा डीएनए तपासणारी एनआयपीटी ही रक्तचाचणी आली. डाऊन सिंड्रोमच्या चाळणीसाठी ती डबल मार्करपेक्षा बरीच अचूक आहे. मात्र तीत पॅप-ए मोजले जात नाही, त्यामुळे डबल मार्कर वगळला की वारेविषयीचा हा आकडाही अहवालातून जातो.