बाटलीच्या तळचा गाळ धुऊ नका : सांडपाणी शुद्धीकरण संच घेतलेल्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की आमच्या कोल्हापूरच्या कार्यशाळेतला फोन वाजायला लागतो. आमच्या संचात दुधापासून केलेलं 'सांडपाणी' बाटलीत भरून, पंपानं त्यात हवा सोडत ते शुद्ध करायचं असतं. विज्ञान प्रदर्शन जवळ आलेलं असतं आणि पलीकडून आठवीतला एखादा आवाज रडकुंडीला येऊन सांगत असतो, "काका, परवापर्यंत पाणी छान नितळ येत होतं. आज दुधाळच राहिलंय. पंप खराब निघाला वाटतं." माझा प्रश्न ठरलेला असतो. "बाटली धुतली का?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग उत्तर येतं, "हो, खाली चॉकलेटी घाण साचली होती. आईनं घासून स्वच्छ करून दिली."

पंप चांगला असतो. जी घाण मोरीत गेली, ती तयार व्हायला दहा दिवस लागले होते आणि पाणी तीच स्वच्छ करत होती. आता पुन्हा दहा दिवस, आणि प्रदर्शन तर शनिवारी. या एका चुकीपायी मुलांची मेहनत वाया जाते, म्हणून हे पत्रक आता प्रत्येक संचासोबत देतो. आधी घेऊन गेलेल्यांनीही एकदा वाचावं.

घरातलंच उदाहरण घ्या. दह्याचं भांडं संपत आलं की आपण चमचाभर दही बाजूला काढून ठेवतो. ते विरजण नसेल तर कितीही चांगलं दूध आणलं तरी दही लागत नाही. बाटलीच्या तळचा गाळ हे या प्रयोगाचं विरजण आहे. तो म्हणजे कोट्यवधी जिवाणूंचे एकमेकांना चिकटलेले पुंजके. पाण्यात विरघळलेलं दूध, साखर, पेज हे जिवाणू खातात, हवेतला प्राणवायू वापरून वाढतात आणि वाढता वाढता चिकट होऊन पुंजके धरतात. पुंजका जड झाला की हवा बंद केल्यावर तळाला बसतो आणि वर नितळ पाणी राहतं.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन शंभरपट मोठा करून बघाच. तपकिरी ढगासारखे पुंजके दिसतील आणि त्यांच्या कडेला बारीक देठावर उलट्या घंटेसारखे जीव डोलताना दिसतील. त्यांना व्हॉर्टिसेला म्हणतात. धक्का लागला की देठ क्षणात स्प्रिंगसारखा आखडून घेतात आणि मग सावकाश पुन्हा ताणतात. सुटे जिवाणू खाऊन तेही पाणी नितळ करायला हातभार लावतात. ते दिसले की गाळ निरोगी आहे, खुशाल समजा. एकदा ते पाहिलेलं मूल पुन्हा कधी त्या गाळाला घाण म्हणत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

हा गाळ न फेकण्याचं महत्त्व जगाला कळलं ते १९१४ साली. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे बाटल्यांत शहराचं सांडपाणी भरून त्यात हवा सोडत होते. आपल्या संचासारखंच. पहिल्या बाटलीतलं पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. एवढा वेळ लागला तर शहराला त्याचा काय उपयोग? पण त्यांनी वरचं पाणी काढलं, तळचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी ओतलं. असं पुन्हा पुन्हा केल्यावर तेच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागलं. या गाळाला त्यांनी 'ॲक्टिव्हेटेड स्लज', म्हणजे क्रियाशील गाळ, असं नाव दिलं आणि शतकभरानंतरही जगभरची सांडपाणी शुद्धीकरणाची मोठी केंद्रं याच तत्त्वावर चालतात. त्यांना ही दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. परीक्षकांनी "ही कल्पना कुठली?" असं विचारलं तर हे सांगा.

रोजचं काम

सकाळी पंप बंद करा आणि अर्धा-पाऊण तास बाटलीला हात लावू नका. गाळ बसला की बारीक नळीनं सायफन लावून वरचं पाणी दुसऱ्या बाटलीत घ्या, पण बाटलीवरच्या तांबड्या रेघेपर्यंतच. दोन वर्षांपूर्वी ही रेघ आम्ही मुद्दाम मारून घेतली, कारण शेवटच्या थेंबापर्यंत पाणी काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. रेघेखालचं पाणी आणि गाळ बाटलीतच राहू द्या. मग वर एक लिटर नवं 'सांडपाणी' ओता आणि पंप लगेच चालू करा. बाटली धुवायची नाही. आतून काचेला तपकिरी थर धरला तरी नाही. बाहेरून ओल्या फडक्यानं पुसा. आणि संचातला खाकी कागद गुंडाळून ठेवा, नाहीतर उजेडानं शेवाळ धरतं आणि पाणी हिरवं होतं.

सांडपाणी असं करा : एक लिटर नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं (त्यातला क्लोरीन उडून जायला हवा, तो जिवाणू मारतो), त्यात अर्धा छोटा चमचा दूध आणि दोन चमचे तांदळाचं धुवण. बस. अर्धा चमचा फार कमी वाटतो आणि मुलं कपभर दूध ओततात. पण एवढ्या दुधानंच त्या पाण्याचा बीओडी, म्हणजे ते कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम होतो. घरातल्या सांडपाण्याचाही साधारण तेवढाच असतो. दुधाचा एक पेला मोरीत ओतला तर पाण्यावर केवढा भार पडतो, हे यावरून कळेल.

सुरुवातीचं विरजण म्हणून मासे पाळणाऱ्या एखाद्या ओळखीच्याकडून फिल्टरचा स्पंज पिळलेलं पाणी आणा. तपकिरी, गढूळ असतं, तेच हवं. पहिले तीन-चार दिवस काही घडताना दिसणार नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी बारीक कण दिसतात, आठ-दहा दिवसांत गाळ नीट बसायला लागतो. थंडीत आणखी दोन दिवस धरा. प्रदर्शनाच्या आधी किमान तीन आठवडे संच सुरू करा, असं आम्ही पावतीवर छापतो ते यासाठीच.

पंप बाटलीच्या पाण्यापेक्षा उंचावर ठेवा, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा फळीवर. खाली ठेवला आणि वीज गेली तर पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं आणि पंप जळतो. असा जळालेला पंप आम्ही बदलून देत नाही, यावरून काही पालक रागावतात. पण भिजलेला पंप उघडल्यावर लगेच कळतो. आणि रात्री पंप बंद करू नका. तीन वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला दोन-सव्वादोन युनिट वीज जाते. शाळेत संध्याकाळी मेन स्विच बंद होत असेल तर बाटली एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी ठेवणं बरं.

"तुरटीनं पाच मिनिटांत होतं, दहा दिवस कशाला?"

हा प्रश्न पालकांचा, आणि कधी कधी शिक्षकांचाही. तुरटीनं तरंगणारे कण तळाला बसतात, पाणी नितळ दिसतं, हे खरं. पुराचं गढूळ पाणी आपले आजी-आजोबा तसंच नितळून घ्यायचे. पण विरघळलेली साखर तुरटीनं जात नाही, आणि नदीतल्या माशांचा जीव जातो तो त्या विरघळलेल्या अन्नामुळे. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो.

पटत नसेल तर करून बघा. संचात मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाची लहान बाटली आहे. दोन छोट्या बाटल्या घ्या. एकीत तुरटीनं नितळलेलं पाणी, दुसरीत आपल्या गाळानं शुद्ध केलेलं. दोन्ही काठोकाठ भरा, प्रत्येकीत गाळाचे दोन थेंब आणि निळ्या द्रावणाचे तीन थेंब टाका, बूच घट्ट लावून कपाटात ठेवा. प्राणवायू संपला की निळा रंग उडतो. तुरटीच्या बाटलीतला एक-दोन दिवसांत उडतो, दुसरीतला बराच टिकतो. प्रदर्शनाच्या टेबलावर या दोन बाटल्या शेजारी शेजारी मांडा. लांब तक्ता वाचून दाखवण्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो. तुरटी, वाळू आणि क्लोरीनचा प्रयोग पिण्याच्या पाण्याच्या संचात आहे. तो वेगळा मिळतो, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्या शाळांना आम्ही सवलत देतो.

गटाराचं पाणी आणू नका

"खरं सांडपाणी वापरलं तर प्रयोग जास्त खरा होईल," असं उत्साही विद्यार्थी म्हणतात. उत्साह चांगला आहे, पण नाही. खऱ्या सांडपाण्यात टायफॉईड, कॉलरा, काविळीचे जंतू असू शकतात. आमच्याच जिल्ह्यात इचलकरंजीला २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची साथ आली होती, माणसं दगावली होती. आमच्या संचाचा दूध-पेजेचा मार्ग आम्ही त्यामुळेच सोडत नाही. तरीही प्रयोगानंतर हात साबणानं धुवा. आणि बाटलीतून निघालेलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते पिण्याचं नाही. कुंडीतल्या झाडांना घाला.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडतेय किंवा दूध जास्त होतंय. दोन दिवस दूध बंद करा, पंप चालू ठेवा, एअर स्टोन (नळीच्या टोकाचा, हवेचे बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र खडा) चोंदला असेल तर बदला. वास जातो. हा वास ज्या वायूचा, तोच हायड्रोजन सल्फाइड बंद सेप्टिक टाकीत आणि गटारात साचतो आणि आत उतरलेल्या माणसाचा जीव घेतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवणं हा गुन्हा आहे, तरी बातम्या येतच राहतात. मुलांनी प्रदर्शनात हे बोलावं, असं मला मनापासून वाटतं. मलनिस्सारण हा विषय त्या माणसांशिवाय पुरा होत नाही.

गावाचं केंद्र आणि तुमची बाटली

महापालिकेच्या केंद्रात आधी जाळीनं चिंध्या-प्लास्टिक अडवतात, मग वाळू-खडे बसवतात आणि त्यानंतर हवेची टाकी येते. ती म्हणजे तुमची बाटली, फक्त फार मोठी. नव्या केंद्रांपैकी अनेक ठिकाणी भरणं, हवा देणं, गाळ बसवणं, वरचं पाणी काढणं हे सगळं एकाच टाकीत आळीपाळीनं होतं, अगदी तुम्ही सकाळी करता तसं. जुन्या पद्धतीत गाळ दुसऱ्या टाकीत बसवतात आणि त्यातला मोठा भाग पंपानं पुन्हा हवेच्या टाकीत आणतात. कोणत्याही केंद्रात सगळा गाळ फेकत नाहीत. वाढलेला तेवढाच काढतात. तुम्हीही महिन्यानं गाळ फार झाला तर पाव भाग काढून झाडांना घाला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरांत दिवसाला सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची आहे. म्हणजे निम्म्याहून कमी. तक्त्यावर एवढे दोनच आकडे लिहा, पुरे होतात.

गाळ गेलाच असेल तर

कार्यशाळेत वीस लिटरच्या पिंपात आम्ही गाळ वर्षभर जिवंत ठेवतो. रोज सकाळी त्याला दूध-पेज देतो. शेजारीण विरजण मागायला येते तसं वाटीभर घेऊन जा, आमच्या संचवाल्यांकडून त्याचे पैसे घेत नाही. वाटीभर गाळ घातला की दहा दिवसांचं काम दोन-तीन दिवसांवर येतं. कुरिअरनं मात्र पाठवत नाही, कितीही आग्रह केला तरी. बंद बाटलीत हवा संपते, आणि दोन दिवसांनी तुमच्या हाती काळा, वास मारणारा चिखल पडेल. असं काही पाठवणं आम्हाला बरोबर वाटत नाही. बाहेरगावच्या शाळांनी वर सांगितल्याप्रमाणे माशांच्या टाकीतून सुरुवात करावी, किंवा तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेत आमचा संच चालू आहे का ते आम्हाला विचारावं. त्या सरांची किंवा बाईंची परवानगी घेऊन गाठ घालून देऊ.

जादा एअर स्टोन, नळी आणि मिथिलिन ब्लू सुटे मिळतात. प्रदर्शनासाठी दहापेक्षा जास्त संच हवे असतील तर दिवाळीच्या सुट्टीआधी कळवा, नंतर पंप पुरत नाहीत. गाळ न्यायला सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत या. येताना रुंद तोंडाची बाटली आणा, अर्धीच भरून न्या, बूच सैल ठेवा आणि घरी पोचल्याबरोबर पंप लावा.