आत्मविचार

आत्मविचार म्हणजे ‘मी’ ही जाणीव कोठून उठते, याचा स्वतःच्या आत घेतलेला थेट शोध. या साधनेची मुळे उपनिषदांत आणि अद्वैत वेदान्तात असली, तरी आज हे नाव प्रामुख्याने तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथील रमण महर्षी (३० डिसेंबर १८७९ – १४ एप्रिल १९५०) यांच्या शिकवणीशी जोडले जाते.

रमणांचे मूळ नाव वेंकटरमण. जुलै १८९६ मध्ये ते मदुरैला काकांच्या घरी राहत होते. वय सोळा, प्रकृती ठणठणीत. तरीही आपण आता मरणार, अशी भीती त्यांना एकाएकी वाटली. त्यांनी कोणालाही हाक मारली नाही. प्रेतासारखे ताठ पडून, ओठ घट्ट मिटून, देह गेला तर ‘मी’ही जातो का, हे त्यांनी त्याच क्षणी तपासले. १ सप्टेंबर १८९६ रोजी ते तिरुवण्णामलैला पोहोचले आणि अरुणाचल पर्वताचा परिसर त्यांनी पुन्हा कधीच सोडला नाही. वेदान्ताचे ग्रंथ त्यांच्या वाचनात आले ते यानंतर. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात शास्त्राचा आधार असतो, पण भार नसतो.

अरुणाचलावरील विरूपाक्ष गुहेत ते बहुतेक मौनातच असत. १९०२ च्या सुमारास शिवप्रकाशम पिळ्ळै यांनी तेथे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी लिहून दिली. तीच पुढे ‘नान यार?’ (मी कोण?) या छोट्या तमिळ पुस्तिकेत आली. आत्मविचाराचा सगळा गाभा तिच्यात सापडतो.

मनात विचार उठला की त्याच्यामागे जायचे नाही आणि त्याला दडपायचेही नाही. हा विचार कोणाला आला, एवढेच पाहायचे. ‘मला’ असे उत्तर येते. मग हा ‘मी’ कोण? इथे लक्ष विचाराच्या विषयावरून विचार करणाऱ्याकडे वळते. ते पुन्हा सुटते, पुन्हा वळवावे लागते. रमणांच्या मते ‘मी’ हीच मनातली पहिली वृत्ती असून बाकीचे सारे विचार तिच्या आधाराने उभे राहतात. तिलाच शोधू गेले की ती टिकत नाही. शोधणारा विचारही मागे उरत नाही. चितेतली लाकडे ढोसणारी काठी शेवटी चितेतच जळते, हा त्यांचाच दृष्टान्त.

या साधनेचा सर्वांत मोठा विपर्यास होतो तो ‘मी कोण?’ या शब्दांचा जप करण्यात. ‘मी ब्रह्म आहे’ असे मनाला बजावणे हाही आत्मविचार नव्हे. त्यात उत्तर आधीच ठरलेले असते आणि पाहणे राहूनच जाते. मन नुसते शांत झाले, एवढ्यावरही रमण समाधान मानू देत नसत. अशी शांती झोपेसारखी येते-जाते, म्हणून त्या शांतीतही ‘मी’चा शोध चालू ठेवायला ते सांगत. ज्यांना हा मार्ग जड वाटे, त्यांच्यासाठी शरणागतीची वाट त्यांनी मोकळी ठेवली होती. ‘मी’पण विरण्याच्या दृष्टीने त्यांना दोन्ही वाटा सारख्याच होत्या.

महाराष्ट्रात या शोधाची स्वतंत्र परंपरा आहे. स्वतःच स्वतःला पाहणे म्हणजे ज्ञान, असे दासबोधाच्या पाचव्या दशकात रामदासांनी स्पष्ट म्हटले आहे, आणि दासबोधाला इंचगिरी संप्रदायात, म्हणजे नवनाथांशी नाते सांगणाऱ्या एका गुरुपरंपरेत, मानाचे स्थान आहे. याच संप्रदायातील सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) मुंबईत विड्यांचे दुकान चालवत आणि खेतवाडीतील घरी मराठीतून निरूपण करत. त्यांचा भर प्रश्नापेक्षा ‘मी आहे’ या निखळ जाणिवेपाशी टिकून राहण्यावर होता. ‘मी अमुक आहे’ यातला ‘अमुक’ गळू द्यायचा आणि उरलेल्या असलेपणावर लक्ष ठेवायचे. पुढे ही जाणीवही देहाबरोबर आलेली, म्हणून जाणारी, असे सांगून ते श्रोत्याला तिच्याही अलीकडे नेत. त्यांचे संवाद १९७३ मध्ये इंग्रजीत आणणारे मॉरिस फ्रीडमन हे त्यापूर्वी तिरुवण्णामलैला रमणांच्या सहवासातही राहिले होते.