शंभर डॉलरची रिंग आणि फिरते शिकारी

दर उन्हाळ्याच्या अखेरीस अमेरिकेची मत्स्य व वन्यजीव सेवा बदकांच्या गणतीचा अहवाल काढते. १९५५ पासून छोटी विमानं ठरलेल्या रेषांवरून, जमिनीपासून जेमतेम तीस-चाळीस मीटरांवरून उडतात आणि आतली दोन माणसं खाली दिसणारी बदकं मोजत जातात. २०१५ साली हा अंदाज ४ कोटी ९५ लाख होता, तोवरचा सर्वांत मोठा. २०२३ साली तो ३ कोटी २३ लाखांवर आला होता. मधली दोन वर्षं, २०२० आणि २०२१, कोविडमुळे विमानं उडालीच नाहीत.

असा आकडा घसरला की शिकाऱ्यांच्या गावांत एकच तक्रार ऐकू येते: बाहेरच्या राज्यांतले लोक गाड्या भरून येतात आणि आमची बदकं मारून नेतात. आर्कान्सामधलं स्टटगार्ट हे भातशेतीचं गाव बदकांच्या शिकारीचं माहेरघर समजलं जातं. बदकांचा हुबेहूब आवाज काढण्याची जागतिक स्पर्धा तिथे १९३६ पासून भरते. या राज्याने सरकारी शिकारक्षेत्रांवर परराज्यातल्यांना ठरावीक दिवसच येऊ द्यायचं ठरवलंय. नॉर्थ डकोटा त्यांना हंगामात १४ दिवस देतं. साउथ डकोटात तर परवान्यांची सोडत निघते. चिडणाऱ्यांची बाजू मला कळते; पहाटे चारला आपल्या नेहमीच्या दलदलीत पोचावं आणि तिथे दहा अनोळखी बोटी उभ्या असाव्यात, हे कुणालाही रुचणार नाही. पण ‘बाहेरच्यांमुळे बदकं संपली’ हे तपासायचं तर तीन गोष्टी माहीत हव्यात: शिकारी किती, मारली किती, आणि मुळात होती किती. तिन्ही ठिकाणी फसायला भरपूर वाव आहे.

शिकाऱ्यांची संख्या सगळ्यांत सोपी वाटते. पाणपक्ष्यांच्या प्रत्येक प्रौढ शिकाऱ्याला १९३४ पासून केंद्र सरकारचं ‘डक स्टँप’ हे तिकीट विकत घ्यावं लागतं. पहिल्या वर्षी ते एक डॉलरला होतं, आता पंचवीसला आहे, आणि त्यातला बहुतेक पैसा पाणथळ जागा विकत घेण्यावर जातो. १९७०च्या आसपास वर्षाला सुमारे २४ लाख तिकिटं खपत; आता १५ लाखांच्या आगेमागे खपतात, आणि त्यातली काही संग्राहक घेतात. म्हणजे शिकारी वाढले नाहीत, पुष्कळ घटलेत. मग गर्दी कुठून येते? उरलेत ते जास्त फिरतात म्हणून. त्यात एक गंमत आहे. तिकीट देशभर चालतं, पण शिकारीच्या सर्वेक्षणासाठीची नोंदणी प्रत्येक राज्यात वेगळी करावी लागते. ऑक्टोबरात नॉर्थ डकोटा, नोव्हेंबरात मिसुरी आणि जानेवारीत आर्कान्सा करणारा एकच माणूस तीन याद्यांत बसतो. राज्यांच्या याद्यांची बेरीज केली की तो तीन शिकारी होतो. सरकारी अहवालात याबद्दल इशारा दिलेला असतो, पण तो कोण वाचतो!

हंगामाच्या नियमांतही याच माणसासाठी फट राहिली आहे. १९१६च्या कॅनडाबरोबरच्या करारानुसार हंगाम साडेतीन महिन्यांपेक्षा, म्हणजे १०७ दिवसांपेक्षा मोठा ठेवता येत नाही. मिसिसिपी नदीच्या पट्ट्यातल्या राज्यांना गेली बरीच वर्षं ६० दिवस आणि दिवसाला सहा बदकं अशी मुभा आहे. हे ६० दिवस राज्याचे आहेत, माणसाचे नाहीत. थंडी उत्तरेकडून दक्षिणेला सरकते, बदकं तिच्यापुढे सरकतात, आणि पेट्रोलचा खर्च परवडणारा शिकारी त्यांच्यामागे सरकतो.

आता मारलेल्या बदकांकडे येऊ. वर्षाला साधारण एक ते दीड कोटी, असं सर्वेक्षणातून निघतं. निवडलेल्या शिकाऱ्यांकडून नोंदी मागवतात, शिवाय काहींना पाकिटं पाठवतात. त्यांनी मारलेल्या प्रत्येक बदकाचा एक पंख पोस्टाने धाडायचा. हंगाम संपला की जीवशास्त्रज्ञ एकत्र बसून हजारो पंख चाळतात आणि नुसत्या पिसांवरून जात, नर-मादी आणि यंदाचं पिल्लू की जुनं बदक हे ओळखतात. पंख खोटं बोलत नाहीत. शिकारी बोलतात, मुद्दाम नसेल, पण चांगला दिवस लक्षात राहतो आणि रिकाम्या हाताने परतलेला विसरतो. त्यामुळे नोंदींतली शिकार खऱ्यापेक्षा फुगते, हे पडताळणीत दिसून आलं आहे.

त्याहून मोठी फसगत ‘दर शिकाऱ्यामागे किती बदकं’ या आकड्यात आहे. हा आकडा चांगला आहे, अर्थात बदकं भरपूर आहेत, असं म्हणणारे भेटतात. मासेमारीतले शास्त्रज्ञ हे ऐकून कपाळावर हात मारतील. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड मासा संपत आला होता तरी बोटींची पकड चांगलीच दिसत होती, कारण उरलेला मासा जिथे गोळा होई नेमक्या तिथेच बोटी जात. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली तेव्हा फार उशीर झाला होता. फिरता शिकारी असाच वागतो. हवामानाचा अंदाज, कुठलं तळं गोठलं, कुठे थवे उतरले, हे सगळं त्याला फोनवर कळतं. एका जागी बसणाऱ्याच्या शिकारीवरून त्या जागेबद्दल थोडंफार कळतं. याच्या शिकारीवरून त्याच्या गाडीबद्दल आणि फोनबद्दलच जास्त कळतं.

(याच फोनवर ‘सोल्युनर’ तक्तेही असतात. चंद्राच्या स्थितीवरून आज शिकारीचा उत्तम वेळ अमुक ते अमुक, असं सांगणारे. आपल्याकडे पंचांगात मुहूर्त बघतात तसे तिकडे हे बघतात. चांदण्या रात्री बदकं चरतात, हे खरं असलं तरी त्यावरून मिनिटामिनिटाचं भाकीत करणं म्हणजे धंदा आहे.)

मग बदकं मुळात किती, हे कळायचं कसं? विमानातून मोजणी होते ती ठरावीक प्रदेशाचीच. इथे माझा सगळ्यांत आवडता भाग येतो: पायातली रिंग.

ऑगस्टमध्ये, शिकार सुरू होण्याआधी, समजा आपण मॅलार्ड या जातीचे १,००० बदक पकडले, प्रत्येकाच्या पायात क्रमांकाची ॲल्युमिनियमची रिंग घातली आणि सोडून दिले. त्या हंगामात त्यातले १०० मारले गेले, तर शिकारीचा दर १० टक्के. आता रिंग नसलेली बदकंही साधारण त्याच दराने मारली जात असणार. पंखांच्या आणि नोंदींच्या आधारे एकूण शिकार ८ लाख निघाली, तर ८ लाख हे एकूण संख्येच्या १० टक्के, म्हणजे हंगामाच्या तोंडावर ८० लाख मॅलार्ड होते. फ्रेडरिक लिंकन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० साली बदकांसाठी हे गणित मांडलं. डेन्मार्कच्या पीटरसनने त्याआधीच माशांसाठी तसंच काही केलं होतं, म्हणून दोघांची नावं जोडून घेतात.

पण मारलेल्या १०० रिंगवाल्यांपैकी किती जण कळवतात? आपल्याला १०० दिसतच नाहीत. दिसतात ते कळवलेले. कुणी आळस करतो, कुणी रिंग गळ्यातल्या दोरीत ओवून मिरवतो आणि कळवायचं विसरतो. तेव्हा कळवण्याचा दर माहीत नसेल तर शिकारीचा दर काढता येत नाही, आणि तो नसेल तर एकूण संख्याही नाही. अख्खी इमारत या एका खांबावर उभी.

यावर काढलेली युक्ती मला फार सुंदर वाटते. काही बदकांना अशा रिंगा घातल्या की त्यांच्यावर बक्षिसाची रक्कम कोरलेली होती. पाच डॉलरपासून चारशे डॉलरपर्यंत रकमा करून पाहिल्या. रक्कम वाढेल तसं कळवण्याचं प्रमाण वाढत गेलं, आणि शंभर डॉलरच्या आसपास वाढायचं थांबलं. म्हणजे शंभर डॉलरसाठी जवळजवळ सगळेच कळवतात असं धरता येतं. आता भागाकार सोपा. शंभर डॉलरवाल्या १०० रिंगांपैकी १० परत आल्या, म्हणजे १० टक्के. साध्या १,००० रिंगांपैकी ३३ आल्या, म्हणजे ३.३ टक्के. दोन्ही तऱ्हेची बदकं सारखीच मरतात, फरक फक्त माणसांच्या वागण्यात आहे. ३.३ भागिले १०, म्हणजे साध्या रिंगेबद्दल तीनातला एकच जण कळवतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मॅलार्डबाबत प्रत्यक्ष उत्तर याच्या आसपास आलं होतं.

१९९०च्या दशकात रिंगांवर फुकट फोनचा क्रमांक कोरायला लागले. त्याआधी पत्र लिहावं लागे. २००२-०३च्या हंगामात पुन्हा शंभर डॉलरच्या रिंगांनी मोजलं, तर कळवण्याचा दर ७३ टक्क्यांच्या आसपास निघाला. आपल्या उदाहरणात तेच १०० मॅलार्ड मारले गेले तरी आधी ३३ नोंदी येत, आता ७३ येतील. एकही जादा बदक न मरता नोंदी दुपटीहून वाढल्या. हा हिशेब ज्याला माहीत नाही त्याने तक्ता पाहून ‘शिकार दुप्पट झाली’ असं बेधडक लिहिलं असतं, आणि दोष अर्थात बाहेरच्यांना दिला असता. पुढे तो फोन बंद होऊन नोंद संकेतस्थळावर गेली. फोनच्या काळातला ७३ डोळे मिटून वापरायचा, की पुन्हा शंभरच्या नोटा काढायच्या, हा प्रश्न त्यामुळे उभाच राहतो.

रिंगांतून जगण्याचा दरही काढता येतो, आणि तिथे गोष्ट अवघड होते. १९७६ मध्ये अँडरसन आणि बर्नहॅम यांनी मॅलार्डच्या रिंगांचं विश्लेषण केलं तेव्हा दिसलं की शिकार कमी-जास्त झाली तरी वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण फारसं हलत नाही. गोळीने न मेलेलं बदक भुकेने, रोगाने किंवा कोल्ह्याच्या तोंडी मरायचंच. काही मर्यादेपर्यंत एक मृत्यू दुसऱ्याची जागा घेतो. याला भरपाईचा मृत्युदर म्हणतात. विरोधी मत असं की प्रत्येक गोळी म्हणजे एक बदक वजा, भरपाई वगैरे काही नाही. वाद मिटेना, तेव्हा १९९५ पासून मॅलार्डचे हंगाम ठरवताना दोन्ही मतं एकाच वेळी गणितात घेतली जातात. मृत्यूबद्दलच्या दोन कल्पना, गर्दी वाढली की पिल्लं किती घटतात याबद्दलच्या दोन, अशी चार प्रारूपं. प्रत्येक जण पुढच्या वर्षीची संख्या आधी सांगतो, विमानं खरी संख्या आणतात, आणि ज्याचं भाकीत जवळचं त्याचं वजन पुढच्या निर्णयात वाढतं. राजकारणात असं कुणी करेल का?

संख्या खाली आणणारी मोठी गोष्ट बंदुकीहून वेगळी आहे. हिमयुगातल्या बर्फाने उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानावर लाखो खड्डे ठेवले. बर्फ वितळून मे महिन्यात त्यांत पाणी साचलं तर बदकं तिथे घरटी करतात, कोरडे राहिले तर पुढे उत्तरेला जातात किंवा अंडीच घालत नाहीत. डकोटा आणि कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये दुष्काळ पडला, खड्डे बुजवून सोयाबीन पेरलं, की दोन वर्षांनी हजार मैल दक्षिणेला आर्कान्सातल्या माणसाला आकाश रिकामं दिसतं. त्याला दिसते ती शेजारच्या राज्याची नंबरप्लेट.

आपल्याकडे हा हिशेब कसा बसतो? शिकारीच्या आकड्यांचा आपलाही इतिहास आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मेळाव्यात भरतपूरच्या केवलादेवला एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तिथल्या दगडी फलकावर तो आकडा अजून वाचता येतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनंतर हा खेळ संपला. पण त्याच केवलादेवला सालिम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हजारो बदकांच्या पायांत रिंगा घातल्या. तलवार बदक, थापट्या, अशी आपल्या उजनी-जायकवाडीलाही उतरणारी मंडळी. रिंगेवर इंग्रजीत कोरलेलं असे, ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा’. मुंबईला पत्रं आली ती बरीचशी सोव्हिएत संघातून, शिकाऱ्यांकडूनच. त्यांवरून स्थलांतराचे नकाशे काढले गेले, आणि शाळेच्या पुस्तकांत सैबेरियाहून येणारे बाण दिसू लागले.

दिशा त्यांनी बरोबर दाखवली. पण कझाकस्तानातल्या एखाद्या तळ्यावर मारलेल्या बदकाच्या पायातली परकी अक्षरं वाचून मुंबईला पत्र टाकणारे शंभरात किती असतील? तिथे शंभर डॉलरची रिंग कुणी घातली नव्हती. नकाशावरचे ठिपके दाट दिसतात तिथे बदकं जास्त होती, की पत्र लिहिणारे, हे त्या ठिपक्यांवरून सांगता येत नाही.